रिकामा ठेवलेला आकडा

गेल्या आगमनकाळात आमच्या घरी वाडीतील छोट्या ख्रिस्ती समूहाचे बायबल वाचन होते. योहानकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय त्या संध्याकाळी नेमलेला होता. बेथेस्दाच्या तळ्याकाठी आजाऱ्यांची गर्दी पडून आहे, त्यांत एक माणूस अडतीस वर्षे आजारी आहे, आणि प्रभू त्याच्यापाशी येऊन थांबतो, ही ती कथा. वाचनाचे काम आमच्या पुतणीकडे होते. तिसरे वचन संपवून ती एकाएकी थबकली. पानावर बोट ठेवून म्हणाली, "काका, इथं चौथं वचनच नाही. तिसऱ्यानंतर एकदम पाचवं आहे."

कोणी म्हणाले, छापखान्याची चूक असेल. कोपऱ्यात बसलेल्या एका आजोबांनी आपल्या जुन्या बायबलात पाहिले. त्यांत चौथे वचन होते. देवदूत तळ्यात उतरून पाणी हलवीत असे, असे सांगणारे ते वचन. मग आम्ही आम्हांला ठाऊक होते तेवढे सांगितले. शुभवर्तमानाच्या अतिप्राचीन हस्तलिखितांत हे वचन आढळत नाही. ते मागाहून कोणा लेखनिकाच्या हातून आत आले असावे, असे विद्वानांचे मत पडले. म्हणून अनेक नव्या आवृत्त्यांनी ते तळटीपेत नेले आणि मजकुरातील त्याची जागा रिकामी ठेवली.

मंडळींचे समाधान झाले. पुतणीचे झाले नाही. ती म्हणाली, "मग पाचव्यालाच चौथं का नाही केलं? सगळं सलग झालं असतं."

त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला आणि वाचन पुढे चालू झाले. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याइतके त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते आम्ही एका न्हाणीघराच्या फरशीवर शिकलो होतो. ते सांगावयाचे तर स्वतःची एक चूक सांगावी लागते. आज ती येथे लिहून टाकतो.

आमचा व्यवसाय नकाशे काढण्याचा. घरांचे, शाळांचे, दवाखान्यांचे बांधकामाचे नकाशे. सामान्य माणसास नकाशा म्हणजे रेषांचे जाळे वाटते. पण रेषेला स्वतःची वाचा नसते. दोन समांतर रेषा म्हणजे भिंत एवढे कळते. ती भिंत विटेची की काँक्रीटच्या ठोकळ्यांची, तिच्यावर गिलावा आहे की लाद्या, तिच्या बुडाशी ओल अडविणारा थर आहे की नाही, हे रेषा सांगत नाही. ते शब्दांनी सांगावे लागते. शब्द लिहिण्याची जुनी रीत सरळ होती: जी वस्तू दाखवावयाची तिच्यापासून एक बाण बाहेर काढावा आणि त्याच्या टोकाशी वस्तूचे वर्णन लिहावे. दारे-खिडक्यांना तेवढे 'डी १', 'डब्ल्यू २' असे आकडे देत आणि त्यांचे कोष्टक वेगळे करीत. आपल्याकडे बव्हंशी आजही हीच पद्धत आहे.

पण इमारत मोठी असली की या रीतीने नकाशा शब्दांनी गजबजून जातो. एकच वर्णन वीस ठिकाणी लिहावे लागते. वीस ठिकाणी लिहिले की वीस प्रकारे लिहिले जाते. एके ठिकाणी 'जलरोधक थर', दुसऱ्या ठिकाणी 'वॉटरप्रूफिंग', तिसऱ्या ठिकाणी नुसताच 'कोबा'. वाचणारा मिस्त्री गोंधळतो: या तीन वस्तू आहेत की एकच? पुढे त्या वर्णनात एक शब्द बदलावयाचा झाला की वीसांपैकी अठरा जागी तो बदलतो आणि दोन जागी राहून जातो. या दोन जागांतूनच पुढे भांडणे आणि गळत्या निर्माण होतात.

यावर अमेरिकेतील वास्तुतज्ज्ञांनी जो उपाय रूढ केला त्यास ते 'की-नोट' म्हणतात. वस्तूकडे जाणाऱ्या बाणाच्या शेवटी वर्णनाऐवजी एक आकडा, बहुधा लहानशा चौकटीत किंवा षट्कोनात, लिहावयाचा; आणि कागदाच्या उजव्या कडेला त्या आकड्यांची यादी देऊन प्रत्येकापुढे त्याचा अर्थ एकदाच लिहावयाचा. आकडा वीस जागी येवो. शब्द एकाच जागी राहतात. नकाशा मोकळा दिसतो, आणि दुरुस्ती करावयाची ती एकदाच. यात एक तोटाही आहे. वाचणाऱ्याची नजर रेषेवरून यादीकडे आणि यादीकडून पुन्हा रेषेकडे सारखी ये-जा करीत राहते. उन्हात, वाऱ्याने फडफडणारा कागद गुडघ्याखाली दाबून उभ्या असलेल्या माणसास हा प्रवास सोपा नसतो. म्हणून ही पद्धत नको म्हणणारे अनुभवी वास्तुतज्ज्ञ तिकडेही आहेत.

२००३ साली आम्ही मुंबईतील एका कार्यालयात नोकरीस लागलो. तेथे अमेरिकेतील वास्तुतज्ज्ञांसाठी बांधकामाचे नकाशे तयार होत असत. तिकडे रात्र पडली की इकडे आमचा दिवस उजाडे. सकाळच्या लोकलने वसईहून जावे, आदल्या रात्री तिकडून आलेल्या लाल शाईच्या दुरुस्त्या उघडाव्यात आणि संध्याकाळपर्यंत त्या नकाशात उतरवून परत धाडाव्यात, असा क्रम. ज्या गावी आमचे पाऊल कधी पडणार नाही, तेथल्या शाळेच्या भिंतीला आम्ही आकडे देत होतो. तेथे आम्हांला या आकड्यांचे शास्त्र समजले.

शास्त्र म्हणण्याचे कारण असे की आकडे दोन जातींचे असतात. पहिली जात साधी: त्या त्या कागदापुरते १, २, ३. या कागदावरील ३ म्हणजे लाकडी कपाट, तर पुढच्या कागदावरील ३ म्हणजे लोखंडी कठडाही असू शकतो. हे आकडे रांगेतील स्थान सांगतात, वस्तूचा स्वभाव सांगत नाहीत. दुसरी जात अधिक विचारपूर्वक घडविलेली आहे. १९४८ साली अमेरिकेत 'कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूट' ही संस्था स्थापन झाली. बांधकामाच्या साऱ्या सामग्रीची आणि कामांची वर्गवारी करण्याचे कार्य तिने अंगावर घेतले, आणि १९६३ साली सोळा विभागांची एक मांडणी प्रसिद्ध केली. पुढे तिला 'मास्टरफॉर्मॅट' हे नाव मिळाले. तिच्यात तिसरा विभाग काँक्रीटचा, चौथा वीट-दगडाच्या बांधकामाचा, पाचवा धातूंचा, सातवा ऊन-पाऊस-ओल यांपासून रक्षणाचा, आठवा दारे-खिडक्यांचा, नववा फरशी-गिलावा-रंग यांचा. दुसऱ्या जातीच्या आकड्यांचा आरंभ या विभागाच्या क्रमांकाने होतो. लाद्यांच्या कामाचा आकडा आज ०९ ३० ०० असा लिहितात आणि त्यापुढे टिंब देऊन त्या विशिष्ट लादीची खूण जोडतात. १९८० नंतरच्या दशकात ओंकल गुझे आणि जेम्स फ्रीहॉफ या दोघांनी 'कॉनडॉक' नावाची पद्धत पुढे आणली. नकाशावरील आकड्याची सांगड कामाच्या लेखी तपशिलाच्या ग्रंथाशी घालावी, हा तिचा गाभा. १९९९ मध्ये तेथे संगणकीय नकाशांचे राष्ट्रीय मानक तयार झाले, त्यातही या दोन्ही जातींच्या आकड्यांना स्थान मिळाले.

या पद्धतीचे मर्म आमच्या ध्यानी आले ते २००४ साली. त्या वर्षी मास्टरफॉर्मॅटची नवी आवृत्ती निघाली. सोळा विभागांचे पन्नास झाले. पाच अंकांचे आकडे सहा अंकांचे झाले. ०९३०० चे ०९ ३० ०० झाले. नळकाम, वातानुकूलन, वीज या विषयांचा पसारा चाळीस वर्षांत इतका वाढला होता की पंधराव्या आणि सोळाव्या विभागांत तो मावेना. म्हणून नळकाम बावीस क्रमांकावर गेले, वातानुकूलन तेविसावर, वीज सव्विसावर. कार्यालयात कुरकुर झाली. जुन्या याद्या बदलता बदलता आमचे डोळे दुखून आले. पण त्या पन्नासांत एक गोष्ट नजरेत भरत होती. त्यांतले कितीतरी विभाग रिकामे होते. पंधरा आणि सोळा, जेथून पाणी आणि वीज उठून गेली, ती घरेही रिकामीच होती. त्यांच्यापुढे 'राखीव' एवढाच शब्द. दुसऱ्या कोणालाही तेथे आणून बसविलेले नव्हते. तेव्हा आम्हांला ही उधळपट्टी वाटली. जागा आहे तर भरावी, मधले आकडे मोकळे कशास ठेवावेत? पुतणीचा प्रश्न तेव्हा आमचाही होता.

आता आमच्या चुकीकडे येतो.

२०११ साली आमच्या परिसरातील एका संस्थेने निराधार वृद्धांसाठी लहानसे घर बांधावयास घेतले. तळमजला आणि वर एक मजला. नकाशांचे काम सेवा म्हणून आम्ही अंगावर घेतले. सुटीच्या दिवशी ते करीत असू. परदेशी पद्धत अंगवळणी पडलेली, आणि खरे सांगावयाचे तर तिचा थोडा अभिमानही चढलेला. म्हणून या चिमुकल्या इमारतीचे नकाशेही आम्ही आकड्यांनीच सजविले. यादी मात्र मिस्त्रींना वाचता यावी म्हणून मराठीत लिहिली. एकूण दहा नोंदी. यादी पहिल्या कागदावर, वरच्या मजल्याचा नकाशा दुसऱ्या कागदावर. आकडे साधे, रांगेचे. एवढ्याशा घरास मास्टरफॉर्मॅट कशास, असा विचार आम्ही केला.

या कथेत शेवटच्या तीनच नोंदींचे काम आहे. आठवी नोंद: सिमेंट-वाळूच्या मसाल्यावर खडबडीत फरशी. ही वरच्या मजल्यावरील कोठीच्या खोलीसाठी होती. नववी: विटांच्या तुकड्यांचा जलरोधक कोबा आणि त्यावर उताराची फरशी. ही न्हाणीघरांसाठी. दहावी: साधी गुळगुळीत फरशी. ही खोल्यांपुढील बंदिस्त सज्जासाठी. काम पायाच्या वर आले असता संस्थेने ठरविले की वर कोठी नको. त्या जागी आणखी एक खाट बसेल. आम्ही कोठी काढून टाकली. तिच्याबरोबर आठवी नोंद निरुपयोगी झाली. तीही काढली. यादीत आठाची जागा मोकळी दिसू लागली; ती आमच्या नजरेस खुपली. आम्ही नवास आठ केले, दहास नऊ केले. यादी सलग झाली. संगणकावर या कामास दोन मिनिटे लागली.

या दोन मिनिटांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काढीत असू. चुकलेला आकडा ब्लेडने हलकेच खरवडावा लागे. हात जड पडला की कागदास भोक पडे आणि आठ दिवसांचे काम वाया जाई. म्हणून नको असलेल्या नोंदीवर आडवी रेघ मारून तिला तशीच राहू देण्याची चाल होती. तिच्या पुढचे आकडे कोणी हलवीत नसे. आम्ही त्यास आळस समजत होतो. तो आळस आपले केवढे रक्षण करीत होता हे संगणकाने तो आळस नाहीसा केल्यावर कळले.

वरच्या मजल्याचा सुधारलेला कागद आम्ही साईटवर धाडला. पहिल्या कागदावरील नकाशात काहीच बदल नव्हता, म्हणून तो पुन्हा धाडला नाही. त्याच कागदावर यादी होती, हे आमच्या लक्षात राहिले नाही. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ काढून त्यावर तारीख घालण्याचा सर्वमान्य शिरस्ता आहे. परदेशी कामात आम्ही तो कधी चुकवीत नसू. येथे, घरचे कार्य म्हणून, चुकविला.

साईटवरील पत्र्याच्या खोलीत जुनी यादी भिंतीवर चिकटविलेली होती. मिस्त्रींच्या हाती नवा कागद आला. न्हाणीघरात त्यांना ८ दिसला. भिंतीवरील यादीत ८ म्हणजे मसाल्यावर खडबडीत फरशी. सज्जात ९ दिसला. यादीत ९ म्हणजे जलरोधक कोबा. दोन्ही त्यांना पटले. आणि येथेच या चुकीचे विष आहे. आठाच्या जागी 'खिडकीचे गज' असे काही निघाले असते तर ते थांबले असते. पण म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीत पाय घसरू नये म्हणून खडबडीत फरशी असणे शहाणपणाचे होते, आणि सज्जात पावसाची झड येते म्हणून तेथे जलरोधक कोबा असणेही शहाणपणाचे होते. त्यांनी दोन्ही कामे आकड्याप्रमाणे, मन लावून केली.

पुढच्या वर्षी घरात वृद्ध राहावयास आले. चार-सहा महिन्यांनी तळमजल्यावरील एका खोलीच्या छतावर ओल दिसू लागली. मग थेंब पडू लागले. त्या खोलीत अंथरुणास खिळलेल्या एक आजी होत्या. त्यांनी कित्येक दिवस कोणाला सांगितले नाही. थेंब खाटेच्या कडेला पडत होता. त्यांनी सेवेकरी मुलीकडून तेथे एक वाटी ठेवून घेतली होती. पुढे तो उशाशी पडू लागला तेव्हा सिस्टरांच्या ध्यानात आले. दुरुस्तीसाठी वरची फरशी फोडावी लागणार हे कळल्यावर आजी सिस्टरांना म्हणाल्या, "माझ्या एकटीपायी एवढं नवं घर कशाला फोडता?"

फरशी फोडली. खाली कोबा नव्हता. ठेकेदाराने सर्वांदेखत मिस्त्रींना बोल लावला आणि दुसऱ्या कामावरील त्यांची पंधरा दिवसांची मजुरी अडकवून ठेवली. आम्हांला पाहणीस बोलाविले. मिस्त्रींनी आपल्या पिशवीतून घडी घातलेला नकाशा काढला; इतके महिने तो त्यांनी जपून ठेवला होता. मातीने माखलेले बोट त्या आठावर ठेवून ते एवढेच म्हणाले, "साहेब, मी आकड्याप्रमाणंच केलंय."

आम्ही तो आठ पाहिला आणि एका क्षणात सर्व उमगले. पण आमच्या तोंडून शब्द बाहेर पडला नाही. सिस्टर समोर होत्या, ठेकेदार होता, संस्थेची दोन माणसे होती. अमेरिकेची कामे करणारा म्हणून आमची तेथे काही प्रतिष्ठा होती. "घरी जाऊन कागद तपासतो," असे म्हणून आम्ही निघालो. तपासण्यासारखे काही उरलेले नव्हते.

हे मौन आम्ही आठ दिवस पाळले. त्या आठ दिवसांत एकदा असेही मनात आले की मिस्त्री इतका अनुभवी, न्हाणीघरात कोबा नाही हे त्याला खटकायला नको का? माणूस आपल्या अपराधाचे ओझे उतरविण्यास दुसऱ्याचा खांदा किती चटकन शोधतो! शनिवारी आम्ही पापनिवेदनास गेलो. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या मिस्त्रींना हे सांगितलंत का?" आम्ही निरुत्तर झालो.

रविवारच्या मिस्सानंतर आम्ही प्रथम ठेकेदाराकडे गेलो, मग सिस्टरांकडे. दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला. मिस्त्रींची अडकलेली मजुरी सुटली. शेवटी मिस्त्रींच्या घरी गेलो. ओट्यावर बसून त्यांना दोन्ही याद्या शेजारी ठेवून दाखविल्या. त्यांनी त्या सावकाश वाचल्या. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण दोन याद्यांतील भेद त्यांना आमच्याआधी बोटाने दाखविता आला. मग म्हणाले, "आकडा तुमचा चुकला साहेब, पण फरशी माझ्या हातची. न्हाणीत कोबा का नाही, हे मी एकदा विचारायला पाहिजे होतं. पण कागदावर आकडा होता. आकडा असला की माणूस विचारत नाही."

आकडा असला की माणूस विचारत नाही. आमच्या व्यवसायातील कोणत्याही ग्रंथात इतके नेमके वाक्य आम्ही वाचलेले नाही. शब्द असता तर ते विचारते. 'खडबडीत फरशी' असे न्हाणीघरातच लिहिलेले असते तर कदाचित ते म्हणाले असते, खाली कोबा नको का? पण शब्दाच्या जागी आकडा आला की वाचणारा आपली शंका खाली ठेवतो आणि देणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. आकडा देणे म्हणजे वचन देणे होय.

त्यानंतर आम्ही काही नियम स्वतःपुरते घालून घेतले. ते नवे नाहीत. चांगल्या कार्यालयांत ते पूर्वीपासून पाळले जातात. आम्हांला मात्र त्यांची किंमत मोजून ते मिळाले. नकाशावरील प्रत्येक आकडा यादीत सापडला पाहिजे, आणि यादीतील प्रत्येक आकडा नकाशावर. ज्या कागदावर आकडे आहेत, त्याच कागदावर त्यांची यादीही असली पाहिजे. वाचणाऱ्यास दुसऱ्या कागदाकडे पाठवू नये. नोंदीने वस्तू कोणती एवढेच सांगावे; तिची प्रत, तिचे मिश्रण, ती बसविण्याची रीत ही कामाच्या लेखी तपशिलात असावी, म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन प्रकारे सांगितली जाणार नाही. शक्य तेथे आकडा वस्तूच्या स्वभावावरून द्यावा, रांगेवरून नव्हे. त्या न्हाणीघराच्या कोब्यास आम्ही सातव्या विभागाचा, ओल अडविणाऱ्यांचा, आकडा दिला असता आणि फरशीस नवव्या विभागाचा, तर कोठी गेली तरी कोब्यास आपली जागा सोडण्याचे कारणच पडले नसते. जुन्या यादीतही त्याचा अर्थ कोबा असाच निघाला असता.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा: एकदा दिलेला आकडा दुसऱ्यास देऊ नये. नोंद रद्द झाली तर यादीत तिचा आकडा राहू द्यावा आणि त्यापुढे 'वापरात नाही' असे लिहावे. यादी ओबडधोबड दिसली तरी चालेल. कारण कागद एकदा हातातून गेला की तो आपल्या आज्ञेत राहत नाही. आज नकाशे 'रेव्हिट' सारख्या प्रणालींत तयार होतात. तेथे साऱ्या नोंदींची एकच फाईल असते: आकडा, त्याचे वर्णन, आणि तो कोणत्या गटाखाली येतो त्या गटाचा आकडा. त्या फाईलीत एक शब्द बदलला आणि ती पुन्हा वाचून घेतली की शंभर कागदांवरील यादी बदलते. केवढी सोय! पण पत्र्याच्या खोलीत भिंतीवर चिकटविलेला कागद संगणकाशी जोडलेला नसतो. तो जुनेच बोलत राहतो. जुना कागद आणि नवा कागद समोरासमोर येणार, हे गृहीत धरूनच आकडे दिले पाहिजेत. अशा वेळी आकड्याचा अर्थ लागला नाही तर हरकत नाही; मिस्त्री थांबेल, फोन करील, अर्धा दिवस जाईल. पण त्याचा भलताच अर्थ लागता कामा नये. आकडा मुका झाला तरी चालेल, त्याने खोटे बोलू नये.

बायबलच्या आकड्यांकडे आम्ही त्यानंतर निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. पवित्र शास्त्र लिहिले गेले तेव्हा त्यात आकडे नव्हतेच. आज आपण जे अध्याय वाचतो त्यांची वाटणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या विद्वानाने केली असे मानले जाते. पॅरिसमध्ये शिकविणारे हे गुरू पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. नव्या करारातील वचनांना आज प्रचलित असलेले आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली छापले. तेव्हापासून जगातील असंख्य प्रवचने, ग्रंथ, टिपणे, पत्रे त्या आकड्यांवर विसंबून लिहिली गेली. पुढे काही वचनांविषयी शंका निर्माण झाली. ती तळटीपेत गेली. पण संपादकांनी मागच्या वचनांना पुढे सरकविले नाही. मत्तयच्या सतराव्या अध्यायातील एकविसावे, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील सदतिसावे, ही वचनेही अनेक आवृत्त्यांत अशीच जागा सोडून गेलेली दिसतील. त्यांनी त्यांचे आकडे सोबत नेले.

स्तोत्रांच्या बाबतीत मात्र प्राचीन काळीच दोन याद्या झाल्या. हिब्रू परंपरेतील नववे आणि दहावे स्तोत्र ग्रीक भाषांतरात एक झाले. त्यामुळे पुढील बहुतेक स्तोत्रे एका आकड्याने मागे राहिली. मेंढपाळाचे स्तोत्र हिब्रू गणनेत तेविसावे, तर ग्रीक आणि जुन्या लॅटिन गणनेत बाविसावे. येथे ख्रिस्तसभेने काय केले? अनेक उपासनाग्रंथांत आणि बायबलांत दोन्ही आकडे छापले जातात, एक कंसात. ज्याच्या हाती जुनी यादी आहे त्यालाही वाट सापडावी, ज्याच्या हाती नवी आहे त्यालाही. आम्ही एका वृद्धाश्रमाच्या तीन कागदांपुरतीही जी काळजी घेतली नाही, ती येथे शतकानुशतके घेतलेली आहे.

त्या आजी पुढे दोन वर्षे त्या खोलीत होत्या. छताला नवा रंग दिल्यावर आम्ही त्यांना भेटावयास गेलो आणि गळती आमच्यामुळे झाली हे सांगितले. त्यांना आकड्यांची ही भानगड कळली की नाही ठाऊक नाही. त्यांनी आमचा हात हातात घेतला आणि विचारले, "त्या मिस्त्रीचे पैसे मिळाले ना त्याला?" मिळाले म्हटल्यावर त्या स्वस्थ झाल्या.

हा लेख लिहून झाल्यावर तो प्रथम पुतणीस वाचावयास दिला. वाचून झाल्यावर तिने बायबल उघडले, योहानचा पाचवा अध्याय काढला आणि त्या मोकळ्या जागेपाशी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: 'चूक नाही.' मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमच्या त्या यादीत आता आठावर काय आहे?"

आम्ही फाईल काढून तिला यादी दाखविली. घराची दुरुस्ती झाली तेव्हा ती आम्ही नव्याने करून संस्थेस दिली होती. तीन कागद, तिन्हींवर यादी, प्रत्येकीवर तारीख. कोबा पुन्हा नवावर, सज्जाची फरशी पुन्हा दहावर. मध्ये ओळ आहे: '८ – वापरात नाही.'